प्रिंटर बिघडलाय कुठे?

शनिवारी लोणावळ्याला घरी गेलो, तर आई वैतागलेली. क्लासच्या प्रश्नपत्रिका अडलेल्या आणि इंकजेटवर 'सर्व्हिस रिक्वायर्ड'! सर्व्हिस सेंटर पुण्यात, म्हणजे प्रिंटर मांडीवर घेऊन लोकलने दीड तास. दुकानदार म्हणे, "नवीनच घ्या."

अहो, पण बिघडलंय काय? हेड साफ करताना वाया जाणारी शाई तळाच्या पॅडमध्ये मुरते. पॅड खरंच भरलंय का, हे असे प्रिंटर बघत नाहीत. नुसता हिशेब ठेवतात. आकडा गाठला की संप! शेवटी पॅड बदललं, काउंटर शून्यावर आणला, झालं. (नुसतं रिसेट करू नका, शाई टेबलावर येईल.)

केंद्राने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. माझं म्हणणं एवढंच: पॅड आणि रिसेट, दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात द्या. घर आमचं, मग किल्ली तुमच्याकडे कशाला?