काउंटरवरची वसुली

दिवाळीच्या आठवड्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा. टीव्ही ठरतो, हप्ते बसतात, कार्ड पुढे केलं की काउंटरवरचा मुलगा विचारतो, “काका, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? उद्या पॅनल गेलं तर काय कराल?” थोड्या वेळापूर्वी हाच मुलगा छातीठोकपणे सांगत होता, की या टीव्हीला काही होत नाही. मी याला लूट म्हणतो. त्या मुलाची नव्हे, त्याच्या मानेवर टार्गेट ठेवणाऱ्यांची.

पहिल्या वर्षी कंपनीची वॉरंटी असतेच. दुकानाची वाढीव वॉरंटी बहुधा ती संपल्यावर सुरू होते. पैसे मात्र आजच मोजायचे, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे वर्षभर जोखीम कंपनीची आणि रक्कम दुकानाच्या खिशात. बनावटीतला दोष असला तर तो बहुतेकदा सुरुवातीच्या महिन्यांतच उघडा पडतो. झिजेची दुखणी येतात ती बऱ्याच वर्षांनी. ज्यात वस्तू सहसा बिघडत नाही तीच मधली वर्षं आपल्याला विकतात, तीही भीती घालून.

आणि बिघडलीच, तर अटींचा कागद बाहेर निघतो. व्होल्टेज वरखाली झालं, उंदरानं वायर कुरतडली, गंज चढला, काच तडकली, यातलं काहीच सहसा त्यात बसत नाही. पावसाळ्यात वीज सतत ये-जा करणाऱ्या गावात, खाऱ्या हवेच्या कोकणात वस्तू नेमक्या याच कारणांनी जातात! वॉटर प्युरिफायरच्या फिल्टरलाही बहुधा वगळलेलंच असतं. फ्रिजवर ठळक छापलेली दहा वर्षं कंप्रेसरची असतात, अख्ख्या फ्रिजची नव्हे, हेही काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

कंपनीनं स्वतः दिलेली, अटी घरी वाचून, मूळ मुदत संपत आल्यावर घेतलेली वाढीव वॉरंटी महागड्या वस्तूसाठी एखाद्याला परवडेलही. मिक्सर, इस्त्री, गीझर यांच्यासाठी मुळीच नाही. तेवढे पैसे बँकेत ठेवा.

ब्रिटननं २००५ सालीच आदेश काढला : घरगुती विजेच्या वस्तूंच्या वाढीव वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारी लावा, दिलेला भाव ३० दिवस कायम ठेवा, आणि दावा न करता ग्राहकानं ४५ दिवसांत वॉरंटी रद्द केली तर पूर्ण पैसे परत द्या. आपल्याकडे २०२३च्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन खरेदीत न विचारता कार्टात काही घुसडायला बंदी केली. ब्रिटनसारखा नियम इथल्या दुकानांनाही लावा, अशी माझी केंद्रीय ग्राहक खात्याकडे मागणी आहे.

तोवर कार्ड देण्याआधी बिल ओळ न् ओळ वाचा. न मागितलेली वॉरंटी दिसली तर तिथेच काढायला लावा. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.