वर्दी एकच, मग हमी वेगळी का?

१०१ वर फोन आला की केंद्रातून बंब निघतो. अग्निशमन दलाच्या भाषेत ही ‘वर्दी’. गाडीत चालक, तांडेल आणि जवान. त्यातला कायम कोण आणि ठेक्यावरचा कोण, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, आणि कळायचं कारणही नसतं.

पुण्यात आमच्या पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीला आग लागली, तेव्हा मी बोळाच्या तोंडाशी उभा होतो. बंब आत शिरेना. जवान होज खांद्यावर टाकून पळत आत गेले. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की त्याची शिट्टी वाजू लागते. ती शिट्टी धुरातून ऐकू येत होती आणि माणूस काही दिसत नव्हता. शेवटी तो जिन्यावरून उतरला, ओट्यावर बसला आणि हातमोजा काढू लागला. दात आवळलेले. मनगटाची कातडी मोज्याबरोबर सुटून आली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचं पुढं काय झालं, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

कामावर जायबंदी झालेल्या अशा माणसाची नोकरी, पद आणि पगार शाबूत राहिला पाहिजे, असं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: धोका माहीत असूनच नोकरी धरली ना? होय, धरली. पण त्यानं आगीचा धोका पत्करला, घरची चूल विझण्याचा नव्हे. शिवाय हा धोका बहुतेक वेळा दुसऱ्यानंच तयार केलेला असतो. १ डिसेंबर २०१९ ला दापोडीत ड्रेनेजच्या कामासाठी खणलेल्या खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढायला उतरलेल्यांच्या अंगावर माती कोसळली आणि पिंपरी-चिंचवडच्या दलातला एक जवान त्या मजुराबरोबरच गेला. तो खड्डा काही त्या जवानानं खणला नव्हता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. शिडीवर चढायला धडधाकट माणूसच लागतो. हात निकामी झालेल्याला ठेवलं तर जागा अडते आणि उद्या त्यापायी एखाद्याचा जीव जातो. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा. पण जागा अडते हे खोटं. अशा कर्मचाऱ्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करण्याची सोय कायद्यातच आहे. त्याला पगार मिळतो आणि मूळ जागा भरायला मोकळी राहते. आणि त्याला काम कोणतं, हा प्रश्न तर पुण्यात पडूच नये. जून २०२१ मध्ये तेवीस गावं आत आली आणि महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली. एवढ्या हद्दीत २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली इमारतींची तपासणी आहे, नव्या जवानांचं प्रशिक्षण आहे, नियंत्रण कक्ष आहे. कसब्यातल्या कोणत्या बोळात मोठी गाडी वळत नाही, भवानी पेठेतल्या लाकडाच्या वखारींना आग लागली तर पाणी कोणत्या बाजूनं मारायचं, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला घरी बसवणं म्हणजे दलानं स्वतःचं डोकं घरी पाठवणं आहे. मे २०१५ मध्ये मुंबईत काळबादेवीच्या आगीनं चार अनुभवी अधिकारी नेले. मरणापुढं इलाज नसतो. जिवंत माणसाचा अनुभव मात्र आपण आपल्या हातानं घालवतो.

‘कायदा आहेच की,’ हे तिसरं म्हणणं. आहे, आणि तो लढून मिळालाय. कुणाल सिंग हा केंद्रीय दलातला शिपाई. कर्तव्यावर पायाला दुखापत झाली, पाय कापावा लागला आणि नोकरी गेली. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या अपंगत्व कायद्याचं कलम ४७ पुढं करून सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही. २०१६ च्या कायद्यात हीच तरतूद कलम २०(४) म्हणून आली, आणि ती महापालिकेलाही लागू आहे. पण ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं एका अधिसूचनेनं केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या लढाऊ पदांना या कलमातून वगळलं. ज्या दलातल्या शिपायानं हा हक्क जिंकला, ते दलही त्या यादीत आहे. जी एका कागदानं काढून घेता येते, त्या हमीवर विसंबून कुणी धुरात शिरावं, असं मला म्हणवत नाही.

भोकं आणखी आहेत. २०१६ च्या कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. त्यात ॲसिडहल्ल्याचे बळी आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण वर्षानुवर्षं धूर ओढून निकामी झालेलं फुप्फुस त्यात नाही. प्रमाणपत्र मिळायचं कशावर? आणि कलम २०(४) फक्त सरकारी आस्थापनांना बांधतं. १०८ ची रुग्णवाहिका खासगी कंपनीमार्फत चालते. रात्री दोन वाजता कात्रजच्या उतारावर अपघातग्रस्ताला उचलताना तिच्यातल्या डॉक्टरची किंवा चालकाची पाठ मोडली, तर हे कलम त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

खोट्या दुखापती दाखवतील, असंही म्हणतात. प्रत्येक वर्दीची वेळ, गाडी आणि माणसं नोंदलेली असतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ तपासायला आहे. इतकी पडताळणी किती नोकऱ्यांत होते? यावर अधिक लिहायची गरज वाटत नाही.

ठेकेदाराच्या माणसांना हमी देणं अशक्य आहे, हेही खरं नाही. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी पन्नास लाखांचं विमा संरक्षण जाहीर झालं, तेव्हा कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांनाही त्यात घेतलं होतं. एका फटक्यात झालं, कारण तेव्हा आपण घाबरलो होतो. मात्र ते पैसे मृत्यूनंतरचे होते. जो जगला-वाचला पण कामाचा राहिला नाही, त्याच्यासाठी त्यात काही नव्हतं.

म्हणून मागणी नेमकी करतो. वर्दीवर झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा काळ हा रजा नव्हे, कर्तव्याचा काळ धरावा. पर्यायी पदांची यादी महापालिकेनं आधीच सेवा नियमांत घालावी, म्हणजे जखमी माणसाला टेबलाटेबलावर फिरावं लागणार नाही. धुरानं झालेला फुप्फुसाचा आजार दलातल्या माणसाच्या बाबतीत कामावरची दुखापत मानावा. आणि आपत्कालीन सेवेसाठी माणसं पुरवण्याची निविदा निघेल, तिच्यात एक अट असावी: कामावर जायबंदी झालेल्याला ठेकेदारानं कमी केलं, तर त्याच पगाराच्या कामाची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे महापालिकेची किंवा राज्याची. अट दोन ओळींची आहे. निविदेच्या कागदात तिला जागा सहज होईल.