ड्रॅगनच्या वर्षातला ससा

आमचा भाचा मध्यंतरी घरी आला तो नवी कोरी व्हिजिटिंग कार्डे घेऊनच. नावाच्या वर सोनेरी, वळसे घेत बसलेला ड्रॅगन! ‘‘मामा, माझा जन्म २००० सालचा. चिनी राशीप्रमाणे ड्रॅगनचं वर्ष. धडाडी, नेतृत्व, तेज! आता माझा सगळा ब्रँड यावरच उभा करायचा,’’ असे त्याने जाहीर केले. नोकरी सुटून चार महिने झालेले. स्वतःची छाप कशी पाडावी, हे शिकवणाऱ्या एका शिबिरात त्याला हा मंत्र मिळाला होता. शिबिराची फी अर्थातच माझ्या ताईने भरली होती.

मी सहज म्हटले, ‘‘पण तुझा वाढदिवस तर ३० जानेवारीला ना?’’ चिनी वर्ष काही १ जानेवारीला उजाडत नाही. ते चंद्राच्या गणिताने २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान केव्हातरी सुरू होते. २००० साली ते ५ फेब्रुवारीला सुरू झाले. पाडव्याच्या आधी जन्मलेल्याचे शक जसे आदल्या वर्षाचे, तसेच हे. म्हणजे आमचे चिरंजीव ड्रॅगन नव्हेत, आदल्या वर्षातला ससा! भाच्याचा चेहरा पडला. ताईने मात्र व्यवहाराचा प्रश्न विचारला, ‘‘मग ती कार्डं परत घेतात का रे?’’

चिनी पद्धतीत उंदरापासून डुकरापर्यंत बारा प्राणी आणि लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच तत्त्वे. दोन्ही मिळून साठ वर्षांचे चक्र. आपल्याकडेही प्रभव, विभव अशी साठ संवत्सरे आहेतच. तेव्हा या गोष्टीला नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय राशीवरून नाव गाजवल्याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहेच. ब्रूस ली २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. वर्ष ड्रॅगनचे. बालनट असतानाच ‘छोटा ड्रॅगन’ या अर्थाचे पडद्यावरचे नाव त्याला मिळाले. घरात मात्र त्याला मुलीच्या नावाने हाक मारत, दुष्ट शक्तींना पत्ता लागू नये म्हणून, असे सांगतात. आपल्याकडच्या दगडू-धोंडूंना हे निराळे समजावून सांगायला नको! पुढे १९७३ चा ‘एंटर द ड्रॅगन’ आला आणि नाव व माणूस एकच झाले. पण पडद्यावर दिसणारी ती वीज कुठून आली? १९७० साली पाठीला जबर दुखापत झाली, तेव्हा पडून राहावे लागले असताना त्याने वह्याच्या वह्या लिहून काढल्या. ती मेहनत वर्षाच्या प्राण्याने केली नव्हती.

आता दुसरी बाजू पाहा. जॅकी चॅन ७ एप्रिल १९५४ चा. वर्ष घोड्याचे. ब्रूस लीच्या मृत्यूनंतर त्याची रिकामी जागा भरण्यासाठी १९७६ साली एका दिग्दर्शकाने त्याला ‘ड्रॅगन होणारा’ अशा अर्थाचे चिनी नाव दिले. चित्रपट आपटले. १९७८ साली त्याने लीची नक्कल सोडली, मार खाणारा, धडपडणारा, हसवणारा नायक उभा केला आणि मग लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. नाव ड्रॅगनचे होते, पण चालला तो स्वतःच्या चालीने. हे बळ लहानपणी ऑपेराच्या शाळेत वर्षानुवर्षे सोसलेल्या कडक तालमीचे होते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. राशी ही गंमत म्हणून, बोलणे सुरू करायला निमित्त म्हणून वापरावी. त्यात वाईट काही नाही. पण जी छाप आपण हौसेने लावतो, तीच दुसरा आपल्यावर लावू लागला की गंमत संपते. जपानमध्ये ‘अग्नी-घोड्या’च्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते, असा समज आहे. १९६६ हे असे वर्ष होते. त्या एका वर्षात तिथले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने घटले. चांगले शिकलेसवरलेले, कारखाने उभारणारे राष्ट्र! आणि साठ वर्षांनी, २०२६ साली, तोच घोडा पुन्हा आला.

हे वाचताना मला माझी मावशी आठवते. पत्रिकेत कडक मंगळ. सतरा स्थळे आली नि परत गेली. तिने शाळेत चाळीस वर्षे गणित शिकवले. निम्म्या गावाला अपूर्णांक तिनेच समजावले. पण लग्नकार्यात बायका कुजबुजायच्या त्या मंगळाविषयीच. तिचा ‘ब्रँड’ तिला न विचारता कुणीतरी ठरवून टाकला होता. ब्रँड या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ गुरांना डागण्याची खूण असाच आहे. स्वतःच्या हाताने काढलेली ती रांगोळी, दुसऱ्याने उमटवला की तो डाग.

भाच्याला मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, ‘‘मुलाखतीला जाशील तेव्हा तू केलेलं काम दाखव. तुझ्या मालकाला साल नको असतं, माल हवा असतो.’’ त्याने मान डोलावली. कार्डे परत घेतली गेली नाहीत. ताई आता त्यांच्या पाठीवर किराण्याची यादी लिहिते.

आणि ससा? शर्यतीत तो हरला तो ससा होता म्हणून नव्हे, मध्येच झोपला म्हणून.