प्रथम डॉक्टरांना शिकवा!

आपल्या सुशिक्षित घरांत एक दुखणे असे आहे की, ज्याचे नाव कोणी घेत नाही आणि म्हणून ज्यावर औषधही कोणी मागत नाही. चाळिशी उलटलेल्या गृहिणीला मध्यरात्री दरदरून घाम फुटतो, अंगातून गरम वाफा निघतात आणि एकदा मोडलेली झोप पुन्हा लागत नाही. दिवसा लहानसहान गोष्टींवरून डोळे भरून येतात, सांधे धरतात, काल ठेवलेली किल्ली आज सापडत नाही. घरात ती याविषयी बोलत नाही; कारण हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असेच तिला लहानपणापासून शिकविण्यात आले आहे. अखेर धीर करून ती डॉक्टरांकडे जाते आणि झोपेची एक गोळी व ‘आता वय झालं, हे व्हायचंच’ हा निकाल घेऊन पाच मिनिटांत परत येते. वय झाले हे तिला ठाऊकच होते. ते ऐकण्यासाठी तिने डॉक्टरांची फी भरली नव्हती!

रजोनिवृत्ती हा रोग नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु बाळंतपण हाही रोग नव्हे. म्हणून का आपण बाळंतिणीला तिच्या नशिबावर सोडून देतो? भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने 46-47 व्या वर्षी थांबते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीच्या चार-पाच वर्षे आधी. त्यानंतरचे तिचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते. बीजकोशातून पाझरणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटले की, त्याचा परिणाम केवळ घामावर आणि झोपेवर होत नाही. हाडे ठिसूळ होऊ लागतात, मूत्रमार्गाच्या तक्रारी वाढतात. हे संप्रेरक बाहेरून पुरविण्याची चिकित्सा वैद्यकशास्त्राला अनेक दशके ठाऊक आहे. मग ती देण्यास, किंवा विचारपूर्वक नाकारण्यास, आपले डॉक्टर का कचरतात?

याचे उत्तर 2002 सालच्या जुलै महिन्यात सापडते. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकेतील प्रचंड प्रयोगात 16,608 स्त्रियांपैकी निम्म्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची संयुक्त गोळी आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी देण्यात येत होती. सरासरी पाच वर्षांनंतर हा प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. स्तनाचा कर्करोग 26 टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर पसरली. लक्षावधी स्त्रियांनी गोळ्या फेकून दिल्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठ्या लिहिणे बंद केले.

आता हे 26 टक्के म्हणजे काय ते पाहा. शाळेत त्रैराशिक शिकलेल्या कोणासही हे समजावे. गोळी न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाकाठी सुमारे 30 जणींना हा रोग होत होता. घेणाऱ्या दहा हजारांत तो 38 जणींना झाला. वाढ खरीच 26 टक्क्यांची. पण ती दहा हजारांत आठ जणींची. मस्तकाघात आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाणही जवळपास तेवढ्याच संख्येने वाढले, तर खुब्याच्या हाडाचे मोडणे आणि आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण घटले. शिवाय या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. ज्या पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीला या औषधाची खरी गरज भासते, ती त्या प्रयोगात अल्पसंख्य होती. पुढे 2017 साली, अठरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, गोळी घेणाऱ्यांमध्ये एकंदर मृत्यूचे प्रमाण वाढले नसल्याचे त्याच संशोधकांनी प्रसिद्ध केले. ती बातमी किती वाचकांना आठवते? ‘26 टक्के’ हा आकडा मोठ्या टायपात छापणे सोपे होते, ‘दहा हजारांत आठ’ हे समजावून सांगणे कष्टाचे होते. ज्या व्यवसायात आम्ही आहोत, त्या वृत्तपत्र-व्यवसायाने सोपे काम केले. हा दोष आम्ही स्वतःकडेही घेतो.

पण म्हणून ‘साप साप म्हणून भुई धोपटली, आता सर्वांनी गोळ्या घ्याव्यात’ असे आम्ही म्हणू लागलो, तर तीही तितकीच मोठी चूक होईल. या चिकित्सेचा इतिहास हा लंबकाचा इतिहास आहे. 1966 साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरांनी ‘फेमिनिन फॉरएव्हर’ नावाचे पुस्तक लिहून इस्ट्रोजेन म्हणजे जणू अक्षय तारुण्याचा झराच असल्याचे सांगितले. 1975 साली दिसून आले की, गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन दिल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. 2002 साली लंबक भीतीच्या टोकाला गेला. आता नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतले बरेचसे कडक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला आणि लंबक पुन्हा उलटा फिरू लागला आहे. जाहिरातदारांना याचा वास लागावयास वेळ लागणार नाही. अशा वेळी स्त्रीला भीती आणि भुरळ या दोहोंपासून वाचवू शकेल असा माणूस एकच, आणि तो म्हणजे तिचा माहीतगार डॉक्टर.

त्याला काय माहीत असावयास हवे? यादी फार लांब नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या स्त्रीची लक्षणे स्पष्ट असतील, तर निदानासाठी महागड्या रक्त-तपासण्यांची सहसा गरज नसते. साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला लक्षणांचा त्रास होत असेल, तर या उपचाराचा लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन वर्गाचे औषध द्यावेच लागते. त्वचेवाटे जाणाऱ्या पट्टीने किंवा जेलने, नेहमीच्या मात्रेत, गुठळ्यांचा धोका गोळीप्रमाणे वाढत नाही. जिला स्तनाचा कर्करोग, मस्तकाघात किंवा हृदयविकाराचा झटका होऊन गेला आहे, अथवा यकृताचा गंभीर विकार आहे, तिच्यासाठी वाट वेगळी. आणि तिलाही संप्रेरकाविना असणारे काही उपाय आहेत. पाळी गेल्यावर वर्षभराने पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो ‘वयाचा परिणाम’ म्हणून कधीही सोडून द्यावयाचा नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने डॉक्टरांसाठी 2015 साली अशी मार्गदर्शिका काढली आणि 2024 साली ती सुधारली. तिचा गाभा असा की, डॉक्टराने लाभ आणि धोका दोन्ही सांगावेत आणि निर्णय स्त्रीने घ्यावा.

हा प्रश्न केवळ शहरातील सुखवस्तू स्त्रियांचा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याचा बोभाटा 2019 साली झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. 82 हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ‘पिशवी काढली’ एवढेच त्या बाईला ठाऊक असते. बीजकोशही काढले असतील, तर त्या दिवशीच तिची रजोनिवृत्ती झाली, मग तिचे वय पस्तीस का असेना! अशा तरुण स्त्रीला, वैद्यकीय अडचण नसल्यास, निदान नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे, असे आजचे शास्त्र सांगते. शस्त्रक्रिया करणारे हात पुष्कळ सापडले. त्यानंतर हे सांगणारी जीभ किती जणींना भेटली असेल?

म्हणून आमची मागणी साधी आहे. पदवी घेऊन वीस वर्षे झालेल्या कुटुंब-डॉक्टरांसाठी वैद्यकीय परिषदेने आणि डॉक्टरांच्या संघटनांनी या विषयाचे वर्ग भरवावेत, आणि त्यांचा खर्च औषध-कंपन्यांच्या खिशातून नव्हे तर सार्वजनिक पैशातून व्हावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि आशाताई यांना या वयातील स्त्रीला दोन प्रश्न विचारण्याचे शिक्षण मिळावे. लाभ-धोक्याचे आकडे टक्क्यांत नव्हे तर हजारात किती या हिशेबाने, सोप्या मराठीत छापलेले एक पान प्रत्येक दवाखान्यात असावे. बीजकोश काढलेल्या प्रत्येक स्त्रीच्या हाती घरी जाताना पुढील उपचाराची लेखी चिठ्ठी असावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे रुग्णालय बांधावे लागत नाही.

‘वय झालं’ हे वाक्य शेजारणीने बोलावे, सासूने बोलावे. त्याला पदवी लागत नाही. ज्याच्या दारावर पदवीची पाटी आहे, त्याने मात्र ते उच्चारण्यापूर्वी समोरच्या बाईचे निदान पूर्ण ऐकून घ्यावे. तिने तीस वर्षे घर सांभाळताना स्वतःविषयी बोलण्याची सवयच ठेवलेली नाही. आज ती बोलावयास आली आहे. तिला उत्तर मिळावे, एवढीच तिची अपेक्षा आहे; आणि ते उत्तर देता येणे हे यापुढे डॉक्टराच्या मर्जीवर नव्हे, त्याच्या शिक्षणावर अवलंबून असले पाहिजे.