कम्पायलरही चुकतो, पण...

"कम्पायलर कधी चुकत नाही, चूक आपलीच असते," हे फर्स्ट इयरपासून ऐकत आलोय. सबमिशन तोंडावर असताना फोरट्रानमध्ये गावांच्या नावांचा एक ॲरे दुसऱ्यात कॉपी केला. फोरट्रान २००३ च्या नियमाप्रमाणे डावीकडच्या ॲरेने नवी लांबी आपोआप घ्यायला हवी. पण 'रत्नागिरी'चं नुसतं 'रत्ना' उरलं! दोन रात्री स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी दहा ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहिला; तिथेही तेच. दुसऱ्या कम्पायलरवर मात्र उत्तर बरोबर! मग कॉपीच्या आधी लांबी सांगून ॲरे ॲलोकेट केला आणि काम भागलं.

कम्पायलर हाही माणसांनीच लिहिलेला प्रोग्राम आहे. त्याच्यावर संशय जरूर घ्या, पण आधी दहा ओळींचा पुरावा हातात असू द्या.