खुनी माणसाला लेक नसावी काय?

गुन्हेगारी कुटुंबांच्या मालिकांवर एका विद्वानांनी नुकताच निकाल दिला आहे. थोडक्यात तो असा: खुनी माणूस घरी लेकरांचे लाड करताना दिसला की प्रेक्षक विरघळतो आणि खून विसरतो, सबब लेखकाने माया आणि हिंसा तराजूत मोजून घालावी, मायेचं पारडं हलकंच ठेवावं. पुरावा म्हणून त्यांनी 'द सोप्रानोज' पुढे केली आहे. हे फार बरं झालं. त्यांच्याविरुद्धचा साक्षीदार त्यांनीच हजर केला.

न्यू जर्सीतल्या टोनी सोप्रानो या माफिया म्होरक्याची ही मालिका १९९९ ते २००७ या काळात चालली. तिचा पाचवाच भाग घ्या, 'कॉलेज' नावाचा. टोनी लेकीला, मेडोला, मेन राज्यातली कॉलेजं दाखवायला निघालाय. गाडीत ती सरळ विचारते, बाबा, तुम्ही माफियात आहात का? तो आधी उडवून लावतो, मग थोडंफार कबूल करतो. बापलेकीत इतकं खरं बोलणं पूर्वी झालेलं नसावं. त्याच प्रवासात त्याला टोळीशी दगाफटका करून नाव बदलून राहणारा जुना खबऱ्या दिसतो. टोनी त्याचा माग काढतो. त्या खबऱ्यालाही घर आहे, बायको आहे, छोटी मुलगी आहे. टोनी हे अंधारात उभा राहून पाहतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशी, लेक कॉलेजात मुलाखतीला गेलेली असताना, तो त्या माणसाचा तारेने गळा आवळतो. झटापट लांबते, टोनी धापा टाकतो. परतल्यावर लेकीला बुटांवरचा चिखल दिसतो, हातावरची जखम दिसते. ती विचारते. काल खरं बोललेला बाप आज धडधडीत खोटं बोलतो.

आता सांगा, इथे कोण विरघळलं? लेकीची माया दाखवलीच नसती, तर हा टोळीयुद्धातला आणखी एक मुडदा झाला असता. चहा पिता पिता आपण तो पचवला असता. बापपणामुळेच तो घशात अडकतो. गंमत अशी, की नायकाने एवढ्या लवकर खून केला तर प्रेक्षक तोंड फिरवतील, अशी धास्ती तेव्हा वाहिनीलाच होती. मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस हटले नाहीत. म्हणजे वाहिनीला वाटलं खून माया पुसेल; आमच्या विद्वानांना वाटतं माया खून पुसेल. प्रेक्षकांनी दोन्ही लक्षात ठेवलं. त्या भागाच्या लेखनाला एमीही मिळाली.

हा सूर आपल्याला नवा नाही. १९९९ मध्येच 'वास्तव' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हाही भुवया उंचावल्या होत्या: गुंडाला चाळीतली प्रेमळ आई कशाला, म्हणे! त्या आईनेच अखेरीस पोरावर गोळी झाडली, हे टीकाकारांच्या नजरेतून सुटलं असावं. बहुधा मध्यंतरातच उठले असतील.

उरलेले आक्षेप. तरुण बिघडतात? भीतीचे झटके येऊन कोसळणाऱ्या टोनीसारख्या माणसाचा हेवा वाटत असेल, तर त्या तरुणाला आधी डॉक्टरकडे न्या. मानसोपचाराने गुन्हेगाराला सहानुभूती मिळते? शेवटून दुसऱ्या भागात टोनीची मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फीच त्याला दार दाखवते.

मग आमचं म्हणणं काय? एवढंच, की माया खरी असावी आणि तिची किंमत कुणाला तरी मोजावी लागावी. पाचव्या मोसमात एड्रियानाला, टोनीच्या टोळीतल्या ख्रिस्तोफरच्या प्रेयसीला, टोनीचा फोन येतो: तुझ्या ख्रिस्तोफरने जीव द्यायचा प्रयत्न केला. टोनीचा साथीदार सिल्व्हिओ तिला इस्पितळात न्यायला येतो, गाडीत धीर देतो, आणि गाडी रानात वळवतो. गोळी लागताना ती दिसतसुद्धा नाही. तिला मारायला तिचंच प्रेम वापरलं, हे मात्र लख्ख दिसतं. प्रमाण राखणाऱ्याला असला प्रसंग लिहिता येणार नाही, कारण इथे माया कुठे संपते आणि हिंसा कुठे सुरू होते, हेच सांगता येत नाही.

तेव्हा तराजू बाजूला ठेवून विद्वानांनी 'कॉलेज' एकदा शेवटपर्यंत पाहावा. जेमतेम तासाभराचा आहे.