मृत्युपत्रावरची मक्तेदारी

मृत्युपत्र ही धनिकांची चैन आहे, हा समज चळवळीच्या वर्तुळांत इतका रुजला आहे की त्याविषयी बोलणाऱ्या कार्यकर्त्याकडे जरा संशयानेच पाहिले जाते. ज्याला इस्टेटच नाही त्याने वाटणी कसली करायची, असे विचारले जाते. ऐकायला हा सवाल तडफदार वाटतो. प्रत्यक्षात तो अज्ञानाचा आहे. सोसायटीतले एका खोलीचे घर, भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, पतपेढीतील ठेव, गावाकडच्या घरातला चौथा हिस्सा ही कामगाराची इस्टेट. तिच्यावरून होणारे भांडण धनिकाच्या घरातल्या भांडणापेक्षा अधिक जीवघेणे असते, कारण हरणाऱ्यापाशी दुसरे काहीच उरत नाही.

या समजाचा जुळा भाऊ म्हणजे मृत्युपत्र सॉलिसिटरवाचून होत नाही ही भीती. फी द्यायला पैसे नाहीत म्हणून मृत्युपत्र नाही, आणि मृत्युपत्र नाही म्हणून मागे राहिलेल्यांना त्याच वकिलांकडे दसपट पैसे ओतावे लागतात. या व्यवहारात नुकसान कोणाचे होते आणि पोट कोणाचे भरते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको.

कायदा मात्र या भीतीला काडीचाही आधार देत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ चा, म्हणजे परकीय राजवटीतला. तरीही त्याचे ७४ वे कलम बजावून सांगते की मृत्युपत्रात कोणतेही पारिभाषिक शब्द वापरण्याची आवश्यकता नाही, करणाराचा हेतू कळला म्हणजे पुरे. ६३ व्या कलमाची अपेक्षा इतकीच की करणाराने सही अथवा अंगठा करावा, ते करताना किमान दोन साक्षीदारांनी पाहावे आणि त्यांनीही त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. आत काय लिहिले आहे हे साक्षीदारांनी वाचण्याचेही कारण नाही. मुद्रांक लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्र हे पेढीच्या जाड कागदावर इंग्रजीत टंकलिखित केलेल्या मृत्युपत्राइतकेच कायदेशीर आहे. मग ते करणाराला स्वतःलाच वाचता येणार नाही अशा भाषेत का लिहिले जाते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही; ते धंद्याच्या हिशेबात आहे.

वकिलाने केलेले मृत्युपत्र न्यायालयात टिकते आणि घरी केलेले पडते, हा प्रचारही तितकाच पोकळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली वेंकटाचल अय्यंगार खटल्यात जी कसोटी घालून दिली तीच आजही लावली जाते: करणारा शुद्धीवर होता काय, मजकूर त्याला कळला होता काय, ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला काय. अशी संशयास्पद परिस्थिती असेल तर नोंदणीचा शिक्कादेखील मृत्युपत्राला वाचवीत नाही. मृत्युपत्रे पडतात ती बहुधा इथे.

परंतु खरा घात होतो तो मृत्युपत्र एकदा केल्यानंतर. फी मोजून केलेला कागद कपाटात जातो आणि तेथेच शिळा होतो, कारण बदल म्हणजे पुन्हा फी. दरम्यान पत्नी वारते, थोरला मुलगा वेगळा निघतो, धाकटी लेक सासर सोडून माहेरी येते आणि आजारी बापाची सेवा करते. कागद मात्र पंधरा वर्षांपूर्वीचेच कुटुंब धरून बसलेला असतो. ६२ वे कलम तर सांगते की करणारा सुजाण असेतोवर मृत्युपत्र केव्हाही बदलता वा रद्द करता येते. हा हक्क वापरायला फुकट आहे. तो माहीत नसल्याची किंमत तेवढी मोजावी लागते.

येथे एक चूक सर्रास होते. जुन्या मृत्युपत्रातले नाव खोडून वर दुसरे लिहिले जाते आणि काम झाले असे मानले जाते. ७१ व्या कलमाप्रमाणे अशा खाडाखोडीला काडीची किंमत नाही. त्या बदलाजवळ करणाराची आणि साक्षीदारांची पुन्हा सही असली तरच तो ग्राह्य धरतात. छोट्या बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र जोडता येते. पण दोन-तीन पुरवण्या झाल्या की वारसदारांना आयतेच रान मिळते. सरळ मार्ग हाच की संपूर्ण मृत्युपत्र नव्याने लिहावे, तारीख घालावी, 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द समजाव्यात' हे वाक्य आरंभीच टाकावे आणि जुनी प्रत स्वतःच्या हाताने फाडावी. साक्षीदार करणारापेक्षा वयाने लहान असावेत, कारण वाद झाल्यास त्यांतला किमान एक न्यायालयात उभा राहावा लागतो. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. या साऱ्यात सॉलिसिटरचे काम कोठे आले?

स्त्रियांच्या बाबतीत तर ही निष्काळजी अन्यायाची भागीदार ठरते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वकष्टार्जित मिळकतदेखील, मृत्युपत्र नसेल तर, प्रथम नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापांचा क्रम त्यानंतरचा. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हे उघडेनागडे दिसले. लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेली आणि सासरने घराबाहेर काढलेली स्त्री माहेरी शिकली, नोकरी करून मिळवती झाली. तिची सारी शिल्लक सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली त्याच सासरच्या पदरात टाकली. कठीण खटला असला तरी सहानुभूतीने निकाल देता येत नाही, असा न्यायालयाचा पवित्रा होता. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. कायदा अन्याय्य आहे, तो बदलण्याऐवजी बायांनीच कागद करून त्याच्यापासून बचाव करावा, असा हा सल्ला! कलम बदलण्याची मागणी लावून धरलीच पाहिजे. पण ते बदलेपर्यंत परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडी सेविका यांनी वाट पाहत बसावे काय?

याच शस्त्राची दुसरी धारही लपविण्याचे कारण नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. तथापि बापाला आपला हिस्सा मृत्युपत्राने हवा त्याला देण्याची मुभा ३० व्या कलमाने कायम आहे, आणि तिचा उपयोग लेकींना वगळण्यासाठी खुशाल केला जातो. सभेत स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्या कित्येकांच्या कपाटांतले कागद पाहिले तर मान खाली घालावी लागेल. ते कागद बदलायलाही फी पडत नाही.

नामनिर्देशन केले आहे, आता मृत्युपत्र कशाला, असेही म्हटले जाते. नामनिर्देशित व्यक्ती सामान्यतः रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. विम्याबाबत १९८४ साली आणि शेअर्सबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. (विम्याचा कायदा मात्र पुढे २०१५ मध्ये बदलला आहे.) भविष्यनिर्वाह निधीत लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर बाद होते, हे किती कामगारांना ठाऊक आहे?

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुस्लिमांना त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानुसार साधारणतः एक-तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही. ख्रिस्ती व पारशी व्यक्तीचे जुने मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होते. गोव्यात कायदाच निराळा आहे. तेथे निम्मी मिळकत वारसांसाठी राखीव असते आणि विशेष नोटरीपुढे जावे लागते. जमिनीचा दावा चालू असेल, वारसांत मतिमंद मूल असेल, तर जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा. पण तोही विकतच घेतला पाहिजे असे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे.

मुंबईकरांचा धाक आणखी एक होता. घर मुलुंडला असले तर हिंदूच्या मृत्युपत्राला प्रोबेट हवे आणि सारे काही ठाण्यात असले तर नको, असा अजब भेद २१३ व्या कलमाने शतकभर पाळला. संसदेने ते कलम २०२५ च्या डिसेंबरात काढून टाकले. प्रोबेटच्या नावाखाली दारे बंद करणाऱ्यांची सबब त्याबरोबर गेली.

युनियनच्या कचेरीत निवृत्तीचे अर्ज भरून दिले जातात, तेथेच कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा ठेवायला काय हरकत आहे? लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याने त्या मिळकतीपासून चार हात दूर राहावे, एवढे पथ्य पुरे. कागद घरात सुरक्षित वाटत नसेल तर नोंदणी कायद्याप्रमाणे मोहोरबंद पाकिटात तो जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. मन बदलले तर ते पाकीट परत मागून घेण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.